बारा मैलांची रेघ

जून २०१९ मध्ये अरबी समुद्रात ‘वायू’ चक्रीवादळ घोंगावत होते, तेव्हा मासेमारी करणारी दहा चिनी जहाजे आश्रयासाठी रत्नागिरी बंदरात आली. तटरक्षक दलाने त्यांना आपल्या पहाऱ्यात थांबू दिले. किनाऱ्यावर मात्र खळबळ उडाली. एवढी मोठी जहाजे आपल्या समुद्राच्या इतक्या जवळ काय करत होती, त्यांची तपासणी झाली का, त्यांच्या पोटात कुठली मासळी होती, असे प्रश्न मच्छीमार विचारू लागले. प्रश्न रास्त होते, पण कायद्याचे उत्तर कोरडे होते. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपलीकडचा समुद्र सर्वांना मोकळा. तिथे मासेमारी करणाऱ्या जहाजाने वादळात जवळच्या बंदराकडे धाव घेतली तर त्याला आसरा द्यावा, ही दर्यावर्दी जगाची फार जुनी रीत. त्यांनी दोनशे मैलांच्या आत जाळे टाकले होते हे दाखवणारा पुरावा हाती असल्याशिवाय काही करता येत नव्हते. आणि पुरावा हाती यायचा तर त्या वेळी तिथे कोणीतरी असावे लागते.

या लेखाचा विषय तोच आहे: तिथे कोणी होते का? महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्या समुद्रावर पहारा अनेकदा बसला. कधी जकातीसाठी, कधी तस्करीसाठी, कधी दहशतवाद्यांसाठी. मासळीसाठी म्हणून तो बसायला फार उशीर झाला. कायद्यांची उणीव तेवढी नव्हती. कायदा करणारा एक, नौका बाळगणारा दुसरा आणि निकाल देणारा तिसरा, अशी वाटणी झाली आणि मासळी या तिघांच्या मधून निसटत राहिली.

चारठाण्यात बसून समुद्रावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमच्या जिंतूर तालुक्याला पाणी म्हणजे पूर्णेवरचे येलदरी धरण. तिथेही मासेमारी चालते आणि बारीक आसाच्या जाळ्यांवरून कुरबुरी होतात. पण जलाशयाला चारी बाजूंनी काठ असतो. कोणाची होडी, कोणाचे जाळे, हे काठावरच्या माणसाला दिसते. समुद्राला एकच काठ. दुसरी बाजू कायद्याने कागदावर आखायची आणि तिथे पोहोचेल अशी नौका ठेवायची. पहिले काम सोपे, दुसरे महाग.

हे दुसरे काम ज्यांना जमले त्यांच्यापासून सुरुवात करू. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ म्हणजे परवान्याची पद्धत आणली. तो परवाना नसलेले जहाज सापडले की जप्त. दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी तेच हत्यार त्यांच्यावर उलटवले. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपले दस्तक घ्यावे, असा सरखेलांचा आग्रह होता. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले, पण स्वतःही ते परवाने देतच होते. नैतिकतेचा भाग बाजूला ठेवू. यंत्रणा म्हणून पाहिले तर दस्तक देणारा, ते तपासणारी गुराबे आणि गलबते बाळगणारा आणि जहाज सोडायचे की धरायचे हे ठरवणारा एकच होता, म्हणून कुलाब्याच्या शब्दाला समुद्रावर वजन होते. १७२९ मध्ये कान्होजी गेले. पुढे १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गाजवळ आंग्र्यांचे आरमार जाळले आणि मराठी सत्तेची समुद्रावरची पकड सुटली ती कायमची.

या सगळ्यात मासळीचा विचार कुठेच नव्हता, कारण ती संपेल असे कोणाला वाटत नव्हते. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्स्लीसारख्या शास्त्रज्ञाने मोठ्या सागरी मासेमारीचे साठे न संपणारे आहेत असे मत मांडले होते. आपल्याकडे १८९७ चा मत्स्य कायदा आला तो सुरुंगाचे स्फोट करून आणि पाण्यात विष कालवून मासे मारण्यावर बंदी घालण्यापुरता. कोळीवाड्यांचा स्वतःचा कायदा मात्र त्याहून जुना होता. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या. खवळलेल्या समुद्राची भीती आणि माशांच्या विणीचा काळ यांचा मेळ त्या रिवाजात आपोआप बसला होता. त्याच्या अंमलबजावणीला शिपाई लागत नव्हता, कारण शिडाच्या होडीला पावसाळ्यात बाहेर जाणे शक्यच नव्हते. पुढे सरकारने पावसाळी बंदीचा आदेश काढला तेव्हा १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतले जे आधी येईल तोपर्यंत, असे शब्द घातले. सरकारी आदेशाने सणाला मुदत मानल्याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते. इंजिन आले आणि रिवाजाचा आधार गेला. शिपायाची गरज तिथून सुरू झाली.

आता मैलांचा हिशोब. किनाऱ्यालगतचा तीन मैलांचा पट्टा हाच देशाचा समुद्र, ही जुनी युरोपीय समजूत. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये आपला सागरी प्रदेश सहा सागरी मैलांचा केला, १९६७ मध्ये बारा मैलांचा. बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी हा विषय राज्यसूचीत आहे, पण सागरी प्रदेशापलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत. म्हणजे बाराव्या मैलावर रेघ पडली. अलीकडे मुंबईची सत्ता, पलीकडे दिल्लीची. बांगड्याच्या थव्याला ही रेघ दिसत नाही. ट्रॉलरच्या तांडेलाला मात्र ती चांगली पाठ असते.

त्याच काळात जगात दोनशे मैलांची मागणी जोर धरत होती. तिची सर्वांत रंगतदार लढाई आइसलँडने लढली. जेमतेम दोन लाख लोकवस्तीचा हा देश, नौदल नाही, फक्त तटरक्षकांच्या काही गस्ती नौका. ब्रिटिश ट्रॉलर त्यांच्या किनाऱ्याजवळचा कॉड मासा ओढून नेत. आइसलँडने आपली हद्द टप्प्याटप्प्याने वाढवत दोनशे मैलांवर नेली आणि ती राखायला एक साधे अवजार शोधले: गस्ती नौकेमागून पाण्यात सोडायचे कापणीयंत्र. १९७२ पासून या नौका ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून आडव्या जात आणि जाळ्याची तार कापून टाकत. बंदूक चालवायची गरज नाही. हजारो पौंडांचे जाळे तळाला गेले की ट्रॉलरची सफर वाया. ब्रिटनने संरक्षणाला युद्धनौका पाठवल्या, जहाजे एकमेकांवर आदळली, पण जून १९७६ मध्ये माघार ब्रिटनलाच घ्यावी लागली. नाटोमधल्या आइसलँडच्या मोक्याच्या जागेचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. तरी हद्द सांगणारा आणि हद्दीवर नौका घेऊन उभा राहणारा एकच असला की काय होते, ते त्या थंड समुद्रात दिसले.

भारताने १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा केला आणि जानेवारी १९७७ मध्ये दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केले. सुमारे २० लाख चौरस किलोमीटर पाण्यावर हक्क आला. पाठोपाठ १ फेब्रुवारी १९७७ रोजी हंगामी स्वरूपात तटरक्षक दल उभे राहिले आणि १९७८ च्या कायद्याने त्याला कायम रूप मिळाले. मासळीच्या राखणीसाठी म्हणून हे दल आले असे वाटू शकते. दलाच्या कर्तव्यांत मच्छीमारांचे रक्षण आणि सागरी कायद्यांची अंमलबजावणी आहेही. पण त्याची शिफारस करणारी १९७४ ची रुस्तमजी समिती नेमली गेली तेव्हा सरकारची मुख्य डोकेदुखी तस्करी होती. सोने, घड्याळे आणि परदेशी कापड पश्चिम किनाऱ्यावर उतरत होते. मासळी त्या जाळ्यात सोबतीने आली, इतकेच.

मासळीसाठी कायदा मागितला तो मच्छीमारांनीच, आणि त्याची ठिणगी गोव्यात पडली. सत्तरच्या दशकात सरकारी अनुदानावर ट्रॉलर आणि पर्ससीन बोटी वाढल्या. पर्ससीन म्हणजे थव्याभोवती गोल फिरवून टाकलेले आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळलेले जाळे. एका फेरीत अख्खा थवा आत. किनाऱ्यावर उभे राहून, पन्नास माणसांनी ओढायच्या रापणीला मग काय उरणार? गोव्याच्या रापणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, मोर्चे काढले. समुद्रावर हाणामाऱ्या झाल्या, बोटी जळल्या. केरळ, तामिळनाडूतही तेच चालले होते. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली, नमुना विधेयक राज्यांना पाठवले. गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. पुढे १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या खटल्यात पर्ससीनवरील बंदी वैध ठरवताना पारंपरिक मच्छीमाराच्या उपजीविकेचा मुद्दा उचलून धरला.

त्याच १९८१ साली केंद्राने दुसरा कायदा केला: परदेशी जहाजांच्या मासेमारीचे नियमन करणारा. विनापरवाना परदेशी जहाज बारा मैलांच्या आत सापडले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बारा ते दोनशे मैलांच्या पट्ट्यात सापडले तर दहा लाखांपर्यंत दंड, कैद नाही. शिवाय जहाज जप्त होऊ शकते.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की फट दिसते. राज्याचा कायदा बाराव्या मैलावर थांबतो. केंद्राचा कायदा पुढे दोनशे मैलांपर्यंत जातो, पण तो परदेशी जहाजांपुरता. मग बाराव्या मैलापलीकडे मासेमारी करणाऱ्या भारतीय बोटीला कोणता कायदा? मासेमारीपुरते बोलायचे तर बराच काळ जवळजवळ कुठलाच नव्हता. १९८१ मध्ये बारा मैलांपलीकडे जाणाऱ्या देशी बोटी मोजक्याच असतील, म्हणून हे खपून गेले. चाळीस वर्षांनी तिकडे जाणाऱ्या बोटी हजारोंनी आहेत. २०२१ मध्ये केंद्राने ही फट बुजवायला भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयकाचा मसुदा आणला. त्याला मच्छीमार संघटनांनीच कडाडून विरोध केला, कारण परवाना आणि दंडाचा बोजा मोठ्या ट्रॉलरइतकाच लहान होडीवरही येईल अशी भीती होती. विधेयक संसदेत आलेच नाही. ही भीती निराधार नव्हती, असे माझे मत आहे. तिचे कारण पुढे येते.

परदेशी जहाजांबाबत तर सरकारचेच एक दार उघडे होते. परदेशी ट्रॉलर भाड्याने घेऊन भारतीय कंपनीच्या नावाने खोल समुद्रात चालवण्याची मुभा ऐंशीच्या दशकात होती. १९९१ च्या धोरणाने संयुक्त उद्योगांना परवाने दिले. मच्छीमारांनी १९९४ मध्ये देशव्यापी बंद पाळला. थॉमस कोचेरी यांनी १९९५ मध्ये पोरबंदरला उपोषण केले. मग मुरारी समिती नेमली गेली आणि तिने १९९६ मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. बेकायदा आणि कायदेशीर यांतले अंतर कधीकधी एका शिक्क्याचे असते, ते इथे दिसले.

आता महाराष्ट्राचा कायदा किनाऱ्यावर कसा चालत होता ते पाहू, कारण खरे दुखणे तिथे आहे. मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी समुद्रात जाणार, तोही बहुधा भाड्याने घेतलेल्या बोटीतून. बेकायदा जाळे दिसले तर बोट अडवून बंदरात आणणार. अडवणार म्हणजे गाठता आली तर. कर्नाटकातील मलपीचे हायस्पीड ट्रॉलर पुढे आणि खात्याची लाकडी बोट मागे, हे दृश्य मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनी पुष्कळदा पाहिले आहे. बोट सापडलीच तर मासळीचा लिलाव करायचा, कारण ती टिकत नाही. आणि प्रकरण निकालासाठी तहसीलदाराकडे पाठवायचे.

तहसीलदाराकडे का, हे विचारण्यासारखे आहे. आमच्या जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर उभे राहिले की कळते: सातबारा, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणूक, दाखले, रेशन. किनाऱ्यावरच्या तहसीलदाराचे टेबल याहून वेगळे नाही. त्यात पर्ससीनच्या आसाची मापे आणि बोट नेमकी किती वावात होती याचा वाद. तारखा पडत. शिवाय दंडाचा मुख्य आधार सापडलेल्या मासळीची किंमत. मासळी थोडी दिसली की दंड थोडा. दिवसाला लाखांची कमाई करणाऱ्या बोटीला हा दंड डिझेलच्या खर्चासारखा वहीत लिहून टाकण्याजोगा होता.

परिणाम असा की लोकांनीच पहारा हाती घेतला. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार होड्या घेऊन समुद्रात जात, परप्रांतीय ट्रॉलरला घेरत, बंदरात ओढून आणत. मग गुन्हे दाखल व्हायचे, आणि ते अनेकदा ओढून आणणाऱ्यांवरही. राज्य जिथे पोहोचत नाही तिथे माणसे आपला न्याय करू पाहतात. त्याला शौर्य म्हणण्याचा मोह टाळावा, कारण त्यात दोन्हीकडून जिवाशी येणारे खलाशी गरीबच असतात.

२६ नोव्हेंबर २००८ ला पुन्हा तेच घडले: पहारा बसला, पण दुसऱ्याच कारणाने. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट भर समुद्रात ताब्यात घेऊन हल्लेखोर मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. त्यानंतर सागरी प्रदेशाच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली, सागरी पोलीस ठाण्यांना वेग आला, बोटींची एकसारखी नोंदणी, राज्यनिहाय रंग, मच्छीमारांना ओळखपत्रे सुरू झाली. मासळीच्या दृष्टीने हा अनपेक्षित लाभ होता. कोणती बोट कोणाची, हे पहिल्यांदाच धडपणे कळू लागले. पण गस्ती नौकेवरचा शिपाई आता ओळखपत्र पाहत होता. जाळ्याचा आस मोजणे त्याचे काम नव्हते.

मासळीसाठी म्हणून खरी हालचाल गेल्या दहा वर्षांतली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्राने पर्ससीनवर लगाम घातला: हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, झाई ते मुरुड हा पट्टा पूर्ण बंद, आणि परवाने ४९५ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाचा त्याला आधार होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. जनरेटरवर प्रखर दिवे लावून लहानमोठी सगळी मासळी भोवती गोळा करायची आणि आवळायची, अशी ती पद्धत. आणि २०२१ मध्ये राज्याने कायदाच बदलला. निकालाचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहाय्यक आयुक्ताकडे आला. एलईडी मासेमारीला पाच ते वीस लाखांचा दंड, पर्ससीनच्या नियमभंगाला एक ते सहा लाखांचा. आंग्र्यांनंतर पहिल्यांदाच पकडणारा आणि निकाल देणारा एका छपराखाली आले. त्यात धोका आहेच. पकडणाराच न्यायाधीश झाला की अपिलाची वाट मोकळी ठेवावी लागते. पण चाळीस वर्षांच्या तारखांपेक्षा हा धोका परवडला.

बाराव्या मैलाची रेघ मात्र होती तिथेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात अंतरिम आदेश देऊन बारा मैलांपलीकडे पर्ससीनला मुभा दिली, तीही अटींवर: आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठला निघून संध्याकाळी सहापर्यंत परत, बोटीवर मागोवा घेणारे यंत्र चालू. संसदेने न बुजवलेली फट न्यायालयाला घड्याळाने बुजवावी लागली.

आता त्या भीतीच्या कारणाकडे येतो. समुद्रातला कायदा कडक होतो तेव्हा पकडला कोण जातो? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी भागातले आदिवासी तरुण गुजरातमधल्या ओखा, पोरबंदरच्या बोटींवर हंगामापुरते खलाशी म्हणून जातात. सर क्रीकची सीमा ठरलेली नाही; बोट रेघ ओलांडते किंवा ओलांडली असे ठरवले जाते आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा तिला धरून कराचीला नेते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचे ७३ वे कलम सांगते की आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, देशांत तसा खास करार नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये आणि वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसे लवकर सोडावीत. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. तरी दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात आणि त्यात मच्छीमारांचा वेगळा रकाना असतो. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी. बोटीचा मालक बोट गमावतो, हेही मोठे नुकसान. पण जाळे कुठे टाकायचे हे न ठरवणारा खलाशी वर्षे गमावतो. मागे घरात कमावते माणूस राहत नाही. म्हणून अंमलबजावणी बळकट करा असे म्हणताना दंड मालकाच्या परवान्यावर बसतो की खलाशाच्या पाठीवर, हे कायद्याच्या मसुद्यात आधी पाहावे लागते. २०२१ च्या राज्य कायद्याने भार परवानाधारक आणि बोट यांच्यावर ठेवला, ही त्याची जमेची बाजू.

नव्या साधनांची भर पडते आहे. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर नऊ ड्रोन फिरू लागले आहेत. ड्रोनने काढलेले छायाचित्र सहाय्यक आयुक्तापुढे पुरावा म्हणून येते. भाड्याच्या बोटीने पाठलाग करण्याची गरज तेवढी कमी झाली. पण किनाऱ्यावरून उडणाऱ्या ड्रोनचा पल्ला मर्यादित, आणि एलईडीवाल्यांचे काम रात्री, बाराव्या मैलाच्या आसपास. त्याआधी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. वादळाची सूचना, संकटातली हाक आणि सीमा जवळ आल्याचा इशारा खलाशाला बोटीवरच मिळावा, ही त्यामागची कल्पना. डहाणूच्या खलाशाला तिचा उपयोग सगळ्यांत जास्त. त्याच दिवशी, त्याच समारंभात, ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला वाढवण, वरोर, धाकटी डहाणूचे मच्छीमार कित्येक वर्षे विरोध करत आले आहेत, कारण भराव पडणार तो त्यांच्या जाळ्यांच्या जागेवर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, बाराव्या मैलाच्या खूप अलीकडे.